वाराच्या दिवशी आलेली गाडी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी "साहेब, एखादी केस सांगा की" असा आग्रह धरला की माझ्या डोळ्यांपुढे एक गाडी उभी राहते. भलीमोठी, काळ्या रंगाची, आणि पाल्याखाली झाकलेली. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसं आज हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांची नातवंडं मला अजून रामनगरच्या बाजारात थांबवून चहा पाजतात.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात फौजदार होतो. आमच्या ठाण्याची हद्द मोठी, माणसं थोडी आणि झाडं अफाट. गुन्हे म्हणजे चोरटं सागवान, हातभट्टी आणि बांधावरून डोकी फोडणं. ठाण्यातले कागद कन्नडात, भांडणं मराठीत आणि शिव्या बहुतेक कोकणीत. आमच्या जीपला चार सिलिंडर होते, त्यातला एक थंडीच्या दिवसांत उशिरा जागा व्हायचा. त्यामुळे आठ सिलिंडरच्या गाडीचा गुन्हा कधी माझ्या टेबलावर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एका बुधवारी सकाळी तो आला. तक्रारदार किनाऱ्याकडचा खाणीच्या धंद्यातला माणूस होता. पाहुण्यांना घेऊन तो सुपाच्या धरणापाशी गणेशगुडीला उतरला होता आणि मागाहून त्याचा ड्रायव्हर घरची गाडी घेऊन अनमोड घाटातून वर येणार होता. गाडी आलीच नाही. आदल्या रात्री ड्रायव्हर तेवढा लाकडाच्या ट्रकात बसून एकटाच पोचला, आणि गाडी चोरीला गेली म्हणाला. मालकाने त्याला दंडाला धरून ठाण्यात आणलं होतं.

"चोरबीर कोणी नाही, यानंच विकली. आत टाका याला," मालक म्हणाला.

मी म्हटलं, "आधी बसा. कुणाला आत टाकायचं ते शेवटी ठरतं, पहिली खबर आधी लिहावी लागते."

मालमत्तेचं वर्णन घ्यायचं तर मालकाने पिशवीतून जाड गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक काढलं. कंपनीनं गाडीबरोबर दिलेलं. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं आणि आमच्या रायटरनी ते कन्नडात उतरवायचं, असा कारभार सुरू झाला. चार दरवाजांची विलायती सलून. इंजिन आठ सिलिंडरचं, चारला चार समोरासमोर तिरके बसवलेले, पावणेसात लिटरचं. त्यावर टर्बो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारं एक पातं, जे इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. गिअर आपोआप बदलणारे. लांबी सतरा फुटांहून जास्त, वजन अडीच टनांच्या आसपास. पेट्रोलची टाकी शंभर लिटरहून मोठी. ब्रेक आणि मागचं सस्पेन्शन एकाच दाबाच्या तेलावर चालणारं, आणि ते तेलही खास. बाजारातलं ब्रेकऑइल त्यात घालू नये अशी ठळक अक्षरांत सूचना. आत अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या आणि कातड्याच्या सीटा. इंजिनाची ताकद किती हा आकडा मात्र सबंध पुस्तकात कुठे सापडेना.

"कंपनी तो सांगत नाही," मालक जरा ऐटीत म्हणाला. "पुरेशी आहे, एवढंच सांगतात."

रायटरनी पेन थांबवलं. "पुरेशी असंच लिहू का, साहेब?"

"लिहा. सापडली की मोजून घेऊ," मी म्हटलं.

हा सगळा वेळ ड्रायव्हर दाराजवळच्या बाकावर बसून होता. पन्नाशीचा, खानापूरकडचा मराठी माणूस. पांढरा गणवेश, पायांवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ. उजव्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं होतं. मूठ उघडायला लावली तेव्हा आत गाडीची चावी होती.

मी बिनतारी संदेश पाठवून अनमोडच्या नाक्यावर, दांडेलीला आणि हल्याळला गाडीचं वर्णन कळवलं. असली गाडी कुणाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. नाक्यावरून उत्तर आलं: काल दुपारी वर गेली, खाली परत आलेली नाही. दांडेलीकडून कळलं, इकडे आलेली नाही. म्हणजे गाडी रामनगर आणि गणेशगुडीच्या मधल्या जंगलात कुठेतरी जिरली होती.

दुपारी आमचा खबऱ्या आला. रामनगरच्या क्रॉसवर त्याचं चहाचं हॉटेल होतं आणि चहापेक्षा त्याचे कान जास्त तापलेले असायचे. "साहेब, काल उन्हाचा तो पांढऱ्या डरेसचा ड्रायव्हर पायी आला हुता. मागल्या गल्लीतल्या ग्यारेजात शिरला, आन ग्यारेजवाल्याच्या कानाला लागला. लई वेळ दोगंबी कुजबुजत हुते. ग्यारेजवाला नुसती मान हालवत हुता. सौदा जमत नसंल."

मालकाच्या कानावर हे गेलं तसा तो उसळला. "बघा, मी काय सांगत होतो! दोन ठेवून द्या, घडाघडा बोलेल."

मी त्याला गणेशगुडीला परत पाठवून दिलं. मारून माणूस बोलतो हे खरं आहे, पण तो आपल्याला हवं ते बोलतो. ते मला नको होतं.

नोकराने मालकाची वस्तू लाटली हे कलम लागलं असतं. चोवीस तासांत त्याला अटक दाखवून मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, नाहीतर सोडायचं. मी ड्रायव्हरला आतल्या खोलीत नेलं, चहा दिला आणि म्हटलं, "घाटाच्या पायथ्यापासून सांग. मी मधे बोलणार नाही."

इतक्या वर्षांच्या चौकश्यांत एक गोष्ट मला पटलेली होती. खोटं सांगणाऱ्याची गोष्ट आटोपशीर असते आणि दहा वेळा विचारली तरी त्याच शब्दांत येते. खरं सांगणारा भरकटतो, कुणी न विचारलेल्या गोष्टींत रमतो. हा माणूस भरकटला, आणि तेही गाडीच्या पोटात. त्याच्या बोलीत "खरं" म्हणजे "पण", हे तेवढं ध्यानात ठेवावं लागे.

"साहेब, रामनगर सोडलं आन ब्रेकाचे दोनी लाल दिवे लागले. तेल गळत हुतं. म्होरं गणेशगुडीपतोर उतारच उतार. अडीच टनाची गाडी, तिला मी काय काळी नदीत घालू? डाव्या अंगाला एक गाव लागलं, त्येच्या चढाला घातली. देवळाम्होरं मोकळी जागा हुती, झाडाखाली उभी केली. खरं लगेच बंद केली न्हाई बगा."

"का?"

त्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला. "घाट चडून आल्याली. टर्बो लालबुंद हुतोय. लगेच चावी फिरवली की तेल थांबतंय आन जागच्या जागी करपतंय. म्हणून उभी करायची आन दोन-तीन मिनिटं तशीच सोडायची. गाडी उभी असती खरं, आत एक चाक फिरतच असतंय. ते निवांत झालं की मग बंद करायची. धनी कवा स्वता चालवत्यात तवा आयकत न्हाईत, धाडकन बंद करत्यात. माजा जीव तुटतो."

मग तो रामनगरला पायी गेला. टेलिफोनची लाइन बंद होती. गॅरेजात गेला, काम झालं नाही. सूर्य कलताना गावात परत आला तर झाडाखाली काहीच नव्हतं. देवळापुढे पुष्कळ माणसं बसलेली. त्यानं विचारलं, तर सगळे म्हणाले, कसली गाडी?

"गावात कुणी पाहिली होती का येताना?"

"तवा कोण नव्हतं. सगळं गाव कसं चिडीचूप हुतं." मग तो थांबला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मला मारा, काय बी करा. खरं माज्या नावाम्होरं चोर लागलं, तर हितनं म्होरं मला कोण इस्टेरिंगला हात लावू दील? मला दुसरं काय येत न्हाई."

त्याच्यासाठी सगळा प्रश्न एवढाच होता, आणि मलाही तो तेवढाच दिसू लागला.

चावी ड्रायव्हरकडे, दुसरी चावी मालकाच्या घरी. दारं कुलूपबंद. पुस्तक पुन्हा उघडलं. आपोआप गिअरची गाडी ढकलून चालू होत नाही, आणि गिअर थांब्यावर टाकून ठेवला की मागची चाकं जखडली जातात. म्हणजे ती ढकलताही येत नाही. क्रेन आमच्या भागात फक्त धरणावर, आणि ती तिथेच असल्याचं मी विचारून घेतलं होतं. चावीशिवाय गाडी हलणं अशक्य, आणि चावी होती ड्रायव्हरच्या मुठीत. कागदावर तो पुरता अडकला होता.

संध्याकाळच्या आत मी त्या गावात गेलो. हे गाव मूळचं तिथलं नव्हे. सुपाचं धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं गाव देवळासकट पाण्याखाली गेलं. देवीची मूर्ती तेवढी उचलून त्यांनी रामनगरच्या अंगाला नवं गाव वसवलं. त्यानंतर देवीची मोठी यात्रा झालेलीच नव्हती. या वर्षी ती पहिल्यांदा व्हायची होती, आणि त्यासाठी गाव वार पाळत होतं. बेळगाव, खानापूरकडच्यांना हे सांगायला नको. यात्रेआधी ओळीने काही मंगळवार असे पाळायचे की त्या दिवशी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत गावच्या शिवेत नांगर नाही, गिरणी नाही, तळण नाही, बैलाच्या मानेवर जू नाही, आणि चाक म्हणून फिरायचं नाही. वार मोडला तर यात्रा मोडली. पुन्हा पहिल्यापासून.

काल मंगळवार होता.

गावाचा प्रमुख, ज्याला तिथे गावकार म्हणतात, साठीचा काटक माणूस होता. मी विचारताच त्यानं उत्तर दिलं, "मंगळवारी आमच्या शिवंत चाक फिरलं न्हाई, फौजदार साहेब. वार हुता."

शेजारच्याला विचारलं. "मंगळवारी आमच्या शिवंत चाक फिरलं न्हाई, साहेब." विहिरीवरच्या बाईला विचारलं. तिनंही तेच सांगितलं, शब्दाला शब्द. पाच घरं फिरलो आणि पाचही घरांत एकच वाक्य मिळालं. इथे काहीतरी पाणी मुरतंय हे कळायला फौजदार असण्याची गरज नव्हती. पण गाव काही ताकास तूर लागू देईना. देवळापुढचं आवार झाडून लख्ख केलेलं. चाकाची खूण नाही. पलीकडच्या वाटेवर ओंडके ओढल्याचे चर तेवढे होते, पण यात्रेच्या रथासाठी जंगल खात्याच्या परवानगीने लाकूड आणणं चालू होतं, आणि आमच्याकडे तसे चर प्रत्येक वाटेवर असतात. मी ते ओलांडून परत आलो.

येताना रामनगरच्या गॅरेजात जीप थांबवली. गॅरेजवाला घाबरलेला होता.

"काय सौदा करत होता तो ड्रायव्हर?"

"सौदा कसला, साहेब! ते हिरवं तेल मागत हुता, ब्रेकाचं. मी म्हटलं माज्याकडं नेहमीचं ब्रेकऑइल हाय, घे. घेईना. म्हणं ते घातलं तर आतली रबरं फुगत्यात. मी न्हाई म्हटलं, आन तो पुन्यांदा पुन्यांदा तेच मागत हुता. रडकुंडीला आल्ता बिचारा."

जो माणूस गाडी विकून मोकळा होणार आहे, तो तिच्या रबरांसाठी रडकुंडीला येत नाही. माझ्यापुरता ड्रायव्हर तिथेच सुटला. पण माझ्यापुरता सुटून भागणार नव्हतं. त्या रात्री त्याला रायटरच्या खोलीत बाकावर झोपू दिलं आणि हवालदाराने घरून आणलेली भाकरी त्याला दिली.

गुरुवारी सकाळी मी जीप लांब उभी करून गावात पायी गेलो. मुदत दुपारपर्यंत होती. वाटेत ओरडा ऐकू आला. तीस-चाळीस माणसं रथासाठी एक मोठा ओंडका ओढत होती. ओंडक्याखाली दोन लांब सोट बांधलेले, त्यांच्या पुढे आडव्या बल्ल्या टाकलेल्या, त्यांना तेल चोपडलेलं. एक जण आवाज देई, बाकीचे दोर ताणत, आणि ओंडका हातभर पुढे घसरे. मागची बल्ली उचलून पुढे आणायची, पुन्हा आवाज, पुन्हा हातभर. बैल नाहीत, चाक नाही. माझ्या पायाखाली तसलाच एक चर होता, जरा रुंद, आणि लोटलेल्या मातीवरून दिसत होतं की तो जंगलातून गावाकडे येण्याऐवजी देवळापासून जंगलाकडे गेला होता.

मी दोरावरच्या एका दणकट गड्याला सहज विचारलं, "काय वजन असेल हो याचं?"

"असंल की दोन-अडीच टन," तो घाम पुसत म्हणाला.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात ते गुळगुळीत पुस्तक उघडलं. मी त्या गड्याकडे पाहिलं, गड्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तरीही मी चरामागे गेलो नाही. मला गाडीइतकाच गावाचा शब्द हवा होता, कारण नुसती गाडी सापडली असती तर ड्रायव्हरनेच ती लपवली असं कुणीही म्हटलं असतं. मी गावकाराच्या घरी गेलो आणि पडवीत बसलो. गावकाराची म्हातारी आई तिथे उन्हात बसली होती. मांडीवर हिरवं लुगडं आणि खण. मला पाणी आणि गूळ दिला.

"आज्जे, हे नवं लुगडं कुणाला?"

"देवीची वटी ही. जुन्या गावात हुतो तवा घेटल्याली. यात्रा आली की भरायची म्हणून टरंकंत ठेवली, तवर गावच पाण्यात गेलं." तिने लुगड्यावरून हात फिरवला. "आता भरायची."

मी तिला गाडीबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त म्हटलं, "मंगळवारी वार होता. गाव अगदी शांत असेल नाही?"

"शांत खरं. नुसतं ते एक गुरगुरत हुतं तेवडं."

दारात उभा असलेला गावकार ताठ झाला. "आये!"

"काय गुरगुरत होतं, आज्जे?"

"आता मला दिसतंय कुटं? देवळाकडं कायतरी आलं आन उभं ऱ्हायलं. उभं ऱ्हाऊन बी लई वेळ गुरगुरत हुतं, मांजरावानी, हळू हळू. मग गप झालं. मी म्हटलं जीप न्हवं ही. जीप आली की लगेच गप हुती."

आमच्या भागातला कुठलाही जीपवाला किंवा ट्रकवाला पेट्रोल-डिझेल वाचवायला आधी चावी फिरवतो, मग ब्रेक लावतो. घाट चढून आलेली गाडी उभी करून निवांत होऊ देणारा एकच माणूस त्या दिवशी त्या रस्त्याने आला होता, आणि तो माझ्या ठाण्यात बाकावर बसला होता. त्याने खोलीत सांगितलेलं या म्हातारीच्या कानावर जाणं शक्य नव्हतं.

"आये, आत जा तू," गावकार म्हणाला.

म्हातारी जागची हलली नाही. "का? देवीच्या यात्रंचे वार चालल्यात आन मी लबाड बोलू व्हय? चाक फिरलं की वार मोडतोय, आन माणूस लबाड बोलला की मोडत न्हाई व्हय रं?"

गावकार भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याला तसाच बसू दिला. अशा वेळी पोलिसाने बोलू नये, समोरच्याचं मन स्वतःशी भांडत असतं, त्यात आपण पडू नये.

"साहेब, चोरी न्हाई केली आमी," तो शेवटी म्हणाला. "आमी सगळी जंगलाकडनं आलो, तर देवीम्होरं ही गाडी उभी. वाराच्या दिवशी! सांजचं शेजारच्या गावचे मानकरी कौल लावायला यायचे हुते. त्येनी बघिटली असती तर यात्रा तिथंच संपली असती. जू लावायचं न्हाई, चाक फिरवायचं न्हाई. मग ओंडका ओढतोय तशी ओढली, शिवंच्या भाईर नेली. एक चाक फिरू दिलं न्हाई, देवीची आण. गाडीवाला आला तवा मानकरी म्होरंच बसल्याले. आमी म्हटलं, कसली गाडी. दुसऱ्या दिशी त्येला गाठून सांगणार हुतो. तर दुसऱ्या दिशी तुमीच आला."

"आणि मला पण तेच सांगितलंत."

"तोंडातनं एकदा गेलं, साहेब. मग सगळ्या गावाच्या तोंडातनं गेलं."

शिवेचा दगड ओलांडून पन्नासेक पावलांवर जुनी लाकडाची वखार होती. तिथे पाल्याखाली ती गाडी उभी होती. खालचे सोट अजून बांधलेलेच. चाकांना दोर गुंडाळले होते, फिरू नयेत म्हणून, आणि दोर रंगाला घासू नये म्हणून मधे गोणपाट घातलेलं. साधा ओरखडा नव्हता. पुस्तकात लिहिलं होतं की ही गाडी डोळ्याचं पातं लवायच्या आत वेग घेते. त्या मंगळवारी तिला दोन फर्लांग जायला सबंध दुपार लागली होती.

गावकार माझ्या मागे उभा होता. "पंचनाम्यात काय लिवणार, साहेब?"

मी त्याला सरळ सांगितलं. "गाडी शिवेबाहेर, जंगलात मिळाली, एवढंच लिहिता येईल. त्यानं तुमची यात्रा वाचेल. मग ही इथे कुणी आणली असं मॅजिस्ट्रेट विचारतील, आणि चावी ड्रायव्हरच्या हातात आहे."

"त्येचं काय हुईल?"

"सुटेलही. पण चोर म्हणून सुटेल. त्याला दुसरा धंदा येत नाही."

तो गाडीकडे बघत राहिला. मग देवळाकडे चालू लागला. मी हवालदाराला जीप देऊन ड्रायव्हरला आणायला पाठवलं.

ढोल वाजला तसं सगळं गाव देवळापुढे जमलं. यात्रेची वर्गणी काढलेली, रथ अर्धा झालेला, लेकीबाळींना सांगावे गेलेले. ड्रायव्हर जीपमधून उतरला तेव्हा त्याला काय चाललंय ते कळेना. गावकाराने देवीकडे पाठ केली, लोकांकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "वार मोडलाय. मंगळवारी शिवंत गाडी आल्ती. यात्रा ह्या साली न्हाई." बायकांत कुणीतरी हुंदका दिला. मग तो ड्रायव्हरपुढे आला आणि त्यानं हात जोडले. "पावणं, तुमी खरं बोलत हुतासा. आमी सगळी लबाड बोललाव."

ड्रायव्हरला सगळं समजायला थोडा वेळ लागला. "माज्यापायी?" तो म्हणाला. "मला ठावं असतं तर मी शिवंभाईरच उभी केली असती, अण्णा." दोघंही एकमेकांचे हात धरून उभे होते, आणि मला मात्र पंचनाम्यासाठी दोन पंच निवडायचे होते. मी कागद मागवला.

मालक आला आणि गावाला आत टाका म्हणू लागला. सबंध गाव आत टाकण्याएवढं लॉकअप माझ्याकडे नाही, असं मी त्याला सांगितलं. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. या लोकांनी परक्याच्या रंगाला गोणपाट घातलं होतं, त्यात तो हेतू मला दिसत नव्हता. घडलं तसं सगळं लिहून, गुन्हा घडलेला नाही असा बी रिपोर्ट मी कोर्टात पाठवला आणि तो मंजूर झाला. तेल किनाऱ्याहून मागवलं. ड्रायव्हरने गळकी नळी आवळून ते घातलं, गाडी चालू केली, आणि ब्रेकचे दिवे विझेपर्यंत तो शांतपणे वाट पाहत बसला. मालक शेजारी चुळबुळत होता, पण एक शब्द बोलला नाही.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. साक्षीदार खोटं बोलतोय असं दिसलं की मी आधी चिडायचो. पुढे मी थांबून बघू लागलो की हा माणूस एवढं कशाला जपतोय. ते कळलं की पुष्कळदा दरडावावंही लागत नाही. आणि वर्दीच्या धाकाने जे निघालं नसतं ते आपल्याच घरातली म्हातारी एका वाक्यात काढते, हेही मी तिथेच शिकलो.

यात्रा पुढच्या वर्षी झाली. तोवर माझी बदली झाली होती, पण गावकाराने बोलावणं पाठवलं म्हणून मी गेलो. शिवेच्या दगडाशी ड्रायव्हर भेटला. त्याच मालकाकडे नोकरीला होता. बायकोला घेऊन एसटीने आला होता आणि मंगळवार नसतानाही शिवेपासून पायी चालत होता. पडवीत मी म्हातारीला शोधलं. ती पावसाळ्यात गेली होती.

दुपारी ओटी भरायची वेळ झाली. पहिला मान गावकाराच्या घराचा. गावकार घरातून ते हिरवं लुगडं आणि खण घेऊन बाहेर आला. त्याची बायको, सुना मागे उभ्या होत्या, पण त्यांच्याकडे न जाता तो गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या बायकोपाशी गेला आणि लुगडं तिच्या हातात ठेवलं.

"आयेनं जाताना सांगिटलंय," तो म्हणाला. "ही वटी पावण्यांच्या घरानं भरायची."

ती बाई नवऱ्याकडे बघू लागली. ड्रायव्हरने डोळे पुसले आणि मान डोलावली. सगळ्या गावाने बाजूला होऊन तिला वाट दिली, आणि ती देवळाच्या पायऱ्या चढून आत गेली.